दुकान उद्यापासून बंद म्हटलं तर? छोट्या दुकानदारांनी आधीच करून ठेवायची कामं

आधी तारखा बघू, कारण तारखा विसरल्या की तयारी करावीशीच वाटत नाही. २५ मार्च २०२० ला कोरोनामुळे देशभर लॉकडाऊन सुरू झाला तो दिवस गुढीपाडव्याचा होता. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. अक्षय्य तृतीया दोन्ही वर्षी कुलपातच गेली. म्हणजे कापड, भांडी, सोनं, मंडप, केटरिंग, पत्रिका छापणारे, या सगळ्यांच्या लागोपाठ दोन लग्नसराया गेल्या आणि ज्यांचं वर्षाचं गणित त्या अडीच तीन महिन्यांवरच बसतं त्यांचं काय झालं ते तुम्ही आपापल्या बाजारपेठेत पाहिलंच असेल. राज्यातले निर्बंध पूर्ण उठले ते १ एप्रिल २०२२ ला, परत पाडव्याच्याच आदल्या दिवशी.

मी पुण्यात छोट्या दुकानांचे हिशोब आणि जीएसटीचं काम बघते. किराणा, सलून, खानावळ, स्टेशनरी, ब्लाऊजपीस-अस्तरवाले असे सगळे. त्या दोन वर्षात कोण तगलं आणि कुणी गाळा सोडला हे वह्यांमधून माझ्यासमोर होतं, आणि माझं मत पक्कं झालंय की गल्ला बंद झाला म्हणून दुकानं गेली त्यापेक्षा भाडं आणि हप्ता चालू राहिला म्हणून जास्त गेली. दुसरं कारण म्हणजे उघडण्याचे नियम. ते इतक्या वेळा बदलले की आदेश वाचता येणारा माणूस पुढे राहिला आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या फॉरवर्डवर चालणाऱ्याने दंड भरला.

आणि हे फक्त पुढच्या महामारीसाठी सांगत नाहीये. पूर येतो, समोरचा रस्ता खोदतात, बिल्डिंग धोकादायक म्हणून नोटीस लागते, महिना दोन महिने दुकान बंद ठेवायची वेळ कुणावरही येते. म्हणून दुकान चालू आहे, हातात दोन पैसे आहेत, तेव्हाच हे करून टाका.

भाडेकरार आजच काढून वाचा

सगळ्यात आधी हेच. २०२० मध्ये कितीतरी जणांचा समज होता की सरकारनेच बंद करायला सांगितलंय म्हणजे भाडं लागत नाही. मार्च २०२० च्या शेवटी केंद्राचा एक आदेश आला होता खरा, पण तो कामगार, विशेषतः स्थलांतरित मजूर, आणि विद्यार्थी यांच्या खोलीभाड्याबद्दल होता, तोही एका महिन्यापुरता, दुकानाच्या गाळ्याशी त्याचा संबंध नव्हता. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात खान मार्केटमधल्या एका दुकानाचं प्रकरण आलं, तिथे कोर्टाने सरळ सांगितलं की करारात तसं कलम असेल तर त्याप्रमाणे बघू, नाहीतर जागा ताब्यात ठेवायची असेल तर भाडं द्यावं लागेल, लॉकडाऊन आहे म्हणून भाडं थांबत नाही. भाडेकरूला मिळाली ती भरायला थोडी मुदत, बाकी काही नाही.

म्हणजे सगळा खेळ करारातल्या एका कलमाचा आहे. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार एजंट छापील नमुन्यातून काढतो, आपण अंगठा आणि फोटो देऊन मोकळे होतो आणि त्यात हे कलम बहुतेक वेळा नसतंच. पुढच्या नूतनीकरणाला मालकाशी बोलून साधारण असं काहीतरी टाकायला सांगा: "शासन, महानगरपालिका किंवा जिल्हाधिकारी यांच्या आदेशामुळे सदर गाळा सलग १५ दिवसांपेक्षा अधिक काळ व्यवसायासाठी उघडता आला नाही तर त्या काळाचे मासिक शुल्क ५० टक्के राहील व देय रक्कम गाळा उघडल्यापासून ६ समान हप्त्यात देता येईल." टक्के आणि हप्ते तुमच्या बोलणीप्रमाणे, आणि सही करण्याआधी वकिलाला एकदा दाखवा. आणि करार रजिस्टर झालेलाच पाहिजे, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि नोटरीवर भागवलेला करार ऐनवेळी फारसा कामाला येत नाही.

मालक तयार नसेल तर? बंद पडल्यावर लगेच, पहिल्याच आठवड्यात, त्यांना लेखी कळवा. भेटून बोला, चहा प्या, पण नंतर व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकाच की काका आज आपलं असं असं ठरलं, एप्रिल मेचं अर्धं भाडं आत्ता, राहिलेलं दिवाळीनंतर. त्यांचा नुसता "ओके" आला तरी तो जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. २०२० मध्ये तोंडी सूट देणारे मालक पुष्कळ होते, भले लोक होते, पण वर्षाने डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी मुलगा किंवा जावई व्यवहार बघायला लागला आणि त्याला काहीच माहीत नव्हतं अशी भांडणं मी पाहिलीत. डिपॉझिटमधून भाडं वळतं करणार असाल तर तेही लिहूनच, आणि डिपॉझिट परत कधी पूर्ववत करायचं ती तारीखसुद्धा.

हप्ता पुढे ढकलला म्हणजे माफ नाही

रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्त्यांना स्थगिती दिली होती, मोरॅटोरियम म्हणून जे सगळ्यांनी ऐकलं ते. पण व्याज चालूच होतं. आकडा घालून बघा. ५ लाखाचं कर्ज, १२ टक्के दर, महिन्याला ५,००० व्याज, सहा महिन्यांचं साधं व्याज झालं ३०,०००. ते दर महिन्याला मुद्दलात मिळून वाढत गेलं तर साधारण ३०,७६०. पुढे सरकारने २ कोटीपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत दिलं, म्हणजे या उदाहरणात तुमच्या हातात आले ते वरचे ७६०. तीस हजार तुमच्याच डोक्यावर. ज्यांच्याकडे खरंच पैसे नव्हते त्यांनी स्थगिती घेतली ते योग्यच होतं, पण हातात रक्कम असताना "सरकारने थांबवलंय" म्हणून हप्ता न भरणं हे महागात पडलं.

म्हणून पुढे कधी अशी सवलत आली तर बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारा, शेवटी मला एकूण किती जास्त भरावं लागेल, आणि तो आकडा लिहून मागा. निदान व्याजापुरती रक्कम भरता आली तर भरत राहा.

आणखी एक. मे २०२० मध्ये केंद्राची तारण न मागणारी आपत्कालीन कर्ज हमी योजना आली, तिच्यात २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज शिल्लक होतं त्याच्या २० टक्के नवीन कर्ज मिळायचं. म्हणजे ज्याचं आधीपासून बँकेत कर्ज खातं होतं त्यालाच. ज्यांचं सगळं भिशी, हातउसने आणि व्यापाऱ्याच्या उधारीवर चालायचं त्यांना तिथे दारच नव्हतं. व्याज भरायला नको म्हणून बँकेपासून लांब राहणारी चांगली चांगली माणसं त्यावेळी अडकली. चांगल्या दिवसात बँकेकडून छोटं कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टचं लिमिट (लागेल तेव्हा ठराविक रकमेपर्यंत उचलायची सोय) मंजूर करून घ्या, वापरू नका हवं तर, पण असू दे.

कागद नसेल तर मदत नाही

एप्रिल २०२१ मध्ये राज्याने फेरीवाले आणि रिक्षावाले यांना १,५०० रुपये जाहीर केले, ते नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना आणि परमिट असलेल्या रिक्षावाल्यांना. शेजारी शेजारी गाडी लावणारे दोघे, एकाकडे पालिकेचं प्रमाणपत्र, दुसऱ्याकडे नुसती वीस वर्षांची ओळख. दुसऱ्याला काही नाही. पीएम स्वनिधीचं तसंच, जून २०२० मध्ये ही योजना आली, फेरीवाल्यांना १०,००० चं भांडवली कर्ज मिळायला लागलं, वेळेत फेडलं की २०,००० आणि मग ५०,००० (आता २०२५ पासून पहिला टप्पा १५,००० आणि दुसरा २५,००० झालाय) पण त्यालाही विक्रेता प्रमाणपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र लागतं. तुमच्या दारात भाजीची गाडी लावणाऱ्या मावशींना हे सांगा, मुलाला बसवून फॉर्म भरून द्या. त्यांना कुणी सांगत नाही.

दुकानदारांनी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, आधारवर होते, सरकारी पोर्टलवर एक रुपया लागत नाही. नेटवर शोधलं की वरती पैसे घेणाऱ्या खासगी साईट येतात, तिथे जाऊ नका. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून यात पुन्हा घेतलंय, म्हणजे किराणावालासुद्धा करू शकतो, बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी उपयोग होतो. बाकी गुमास्ता, फूड लायसन्स, जीएसटी सर्टिफिकेट, भाडेकरार, लाईट बिल, मागचे तीन इन्कम टॅक्स रिटर्न, सगळ्याचे नीट फोटो काढून फोनमध्ये एका फोल्डरला आणि घरातल्या अजून एकाच्या फोनवर. मूळ कागद दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. २०२० मध्ये दुकानाकडे जाणंच बंद झालं होतं आणि कागद आत होते.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगते: शॉपकीपर पॉलिसीत साधारणपणे आग, पाणी, चोरी यासारखं प्रत्यक्ष नुकसान असतं. आदेशामुळे दुकान बंद राहिलं म्हणून गेलेल्या धंद्याचे पैसे त्यात मिळत नाहीत. त्यामुळे "आमचा इन्शुरन्स आहे" या भरवशावर राहू नका.

आदेश कसा वाचायचा

जून २०२० आठवा. राज्याचं मिशन बिगिन अगेन, म्हणजे टप्प्याटप्प्याने उघडणं, ५ जूनपासून दुकानं सकाळी ९ ते ५, पण रस्त्याच्या एका बाजूची सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची विषम तारखेला. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम बंद, बदलून देणं बंद. आता सांगा, लहान मुलाचा फ्रॉक घालून न बघता आणि बदलून मिळणार नसेल तर कोण घेणार? काहींनी डोकं लढवून दारातच मेजरिंग टेप टांगला आणि भिंतीवर वयाप्रमाणे मापांचा तक्ता लावला, त्यांचा माल हलला. ते अजून करताहेत.

मग पुण्यात १४ ते २३ जुलै २०२० परत पूर्ण लॉकडाऊन, सुरुवातीचे दिवस दूध आणि औषधं सोडून जवळपास सगळं बंद. शेजारच्या जिल्ह्यात चालू, आपल्याकडे बंद. यातून कळतं ते असं की राज्याचा आदेश हा वरचा आराखडा असतो, तुमच्या गल्लीत लागू होतो तो पालिका आयुक्तांचा आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, आणि तो राज्यापेक्षा कडक असू शकतो. टीव्हीवरची पट्टी बघून माल मागवू नका. पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या अधिकृत साईटवरून सहीशिक्क्याची पीडीएफ घ्या, आणि वाचताना एवढंच शोधा: कुठल्या तारखेला किती वाजल्यापासून लागू, आपला धंदा कुठल्या गटात मोडतो (इथेच सगळी गंमत असते, चष्म्याचं दुकान आवश्यक का नाही, स्टेशनरीसोबत बिस्किटं विकतो तर काय), घरपोच चालेल का, कामगारांना काय अट, आणि दंड किती व कुणाला. दंडाचं मुद्दाम सांगते कारण २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशात गिऱ्हाईकाने मास्क घातला नाही तर त्याला ५०० आणि दुकानाला १०,००० होते. गिऱ्हाईकाची चूक, पैसे आपले. म्हणून त्या आदेशाची प्रिंट काउंटरवर चिकटवायची, म्हणजे गिऱ्हाईकाशी आपल्याला भांडावं लागत नाही, कागदाकडे बोट दाखवायचं.

७ जून २०२१ पासून पाच स्तर आले, पहिला सगळ्यात सैल आणि पाचवा सगळ्यात कडक, जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी रेट (तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित) आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत त्यावरून. तिसऱ्या स्तरात दुकानं ४ पर्यंत आणि बिगर आवश्यक दुकानं शनिवार रविवार बंद. चार वाजता बंद म्हणजे ज्यांचा धंदाच संध्याकाळचा, पाणीपुरी, टेलर, फूटवेअर, त्यांचं उघडून पण बंदच. आणि जूनच्या शेवटी डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकारामुळे सरकारने सांगितलं की आकडे कितीही चांगले असले तरी कुठल्याही जिल्ह्याला तिसऱ्या स्तरापेक्षा सैल स्तर मिळणार नाही. ज्यांनी "पुढच्या आठवड्यात आपण पहिल्या स्तरात जातोय" असं धरून माल भरला त्यांचा माल ऑगस्टपर्यंत पडून राहिला. तेव्हा नियम बदलत असताना माल मागवायचा तो हातातल्या आदेशावर, येणाऱ्या आदेशाच्या आशेवर नाही. व्यापाऱ्याकडून दोन रुपये महाग पडला तरी थोडा थोडा घ्या.

चार तासात दिवसाचा धंदा

एप्रिल २०२१ मध्ये किराणा सकाळी ७ ते ११ एवढाच. चार तास, बाहेर रांग, पोलिसांची गाडी पावणेअकराला शिट्टी मारत यायची. ज्यांनी हे नीट निभावलं त्यांची पद्धत सांगते, कारण ती पुरातही चालेल आणि दिवाळीच्या गर्दीतही.

आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत यादी व्हॉट्सअॅपवर मागवायची, पूर्ण नाव, बिल्डिंग आणि फोनसकट. यादी आल्यावर लगेच उत्तर द्यायचं, काय आहे काय नाही आणि एकूण किती, म्हणजे सकाळी काउंटरवर "साखर नाहीये का मग गूळ द्या" हा पाच मिनिटांचा संवाद वाचतो. परवानगी असेल तर रात्री शटर आतून ओढून नाहीतर पहाटे, साखर, डाळ, रवा, पोहे एक किलो अर्धा किलोचे पुडे आधीच भरायचे. पिशवीला चिठ्ठी स्टेपल करायची, वर नाव मोठ्या अक्षरात, खाली रक्कम, आणि पैसे आले असतील तर लाल पेनाने गोल. पिशव्या बिल्डिंगप्रमाणे लावायच्या, नावाप्रमाणे नाही, कारण एका सोसायटीचा एकच माणूस दहा पिशव्या उचलून नेऊ शकतो. सुटं विकत घेणाऱ्यांना, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, रोजची वीस रुपयांची डाळ नेतात, त्यांच्यासाठी पहिला एक तास फक्त त्यांचा ठेवायचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, ऑनलाइन यादीच्या नादात तीच माणसं रांगेत शेवटी राहिली.

सलूनवाल्यांचं वेगळं. तीन महिने बंद राहून २८ जून २०२० पासून परवानगी मिळाली ती केस कापणं, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्याला, दाढीला नाही कारण त्वचेशी संबंध येतो. प्रत्येक गिऱ्हाईकानंतर खुर्ची पुसायची, टॉवेल आणि नॅपकिन एकदा वापरून टाकून द्यायचे. खर्च वाढला आणि निम्मी कमाई देणारी दाढी गेली. अशावेळी दर गपचूप वाढवू नका, दरपत्रकात किटचे (त्या टॉवेल-नॅपकिनचे) अमुक रुपये अशी वेगळी ओळ लिहा आणि नियम उठला की ती ओळ काढा. लोकांना कारण दिसलं की लोक देतात. वेळ ठरवून बोलवायची वही तेव्हा सुरू झाली, ती चालूच ठेवा, कारण गिऱ्हाईकांचे फोन नंबर तुमच्याकडे असणं हीच खरी पुंजी, दुकान बंद असताना तेवढाच धागा राहतो.

कामगारांशी आधीच बोला

२९ मार्च २०२० ला केंद्राने पूर्ण पगार द्या म्हणून आदेश काढला, मे मध्ये तो मागे गेला, आणि १२ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने मालक कामगारांनी बसून मिटवावं असं म्हटलं. दोन पोरं ठेवणाऱ्या दुकानदाराला यातून काहीच स्पष्ट झालं नाही. म्हणून आत्ताच ठरवा, बंद पडलं तर पहिल्या महिन्यात किती, दुसऱ्या महिन्यात किती, आणि किराणा किती, आणि ते त्याला सांगून ठेवा. गावाला गेला तर परत यायचं भाडं तुमच्याकडून. जिथे हे बोललं गेलं होतं तिथली पोरं परत आली. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर त्यांची नोंदणी करून द्या, कार्ड त्यांचं असतं, तुमच्यावर काही बोजा येत नाही.

शटर ओढायच्या दिवशी

आदेश आला, उद्यापासून बंद. घाई होते, पण दोन तास काढाच. फ्रीज रिकामा करून, पुसून, दार थोडं उघडं ठेवा, कागदाचा बोळा अडकवून, नाहीतर महिन्याने उघडाल तेव्हा वास जाणार नाही. पीठ, रवा, सुकामेवा घरी न्या नाहीतर वाटून टाका. चामड्याच्या वस्तू आणि साड्या भिंतीपासून एक हात लांब आणि जमिनीपासून वर, कारण बंद दुकानात जूनची ओल आतल्या आत धरते. मेन स्विच बंद, पण त्याआधी मीटरच्या आकड्याचा फोटो तारखेसकट. २०२० मध्ये मीटर रीडिंग बंद होतं, सरासरीची बिलं आली आणि जूनमध्ये एकदम मोठी रक्कम, ज्यांच्याकडे फोटो होता त्यांना वाद घालता आला. आणि धंदा शून्य असला तरी जीएसटीचं रिटर्न शून्याचं भरायचं असतं, लेट फी लागते, जून २०२० पासून शून्याचं ३बी (जीएसटीआर-३बी हे रिटर्न) नुसत्या एसएमएसने जातं.

परत उघडताना पहिला दिवस विक्रीचा धरू नका. एक्स्पायरी बघा, वजनकाट्याचं स्टॅम्पिंग संपलंय का बघा (बंद काळात तारीख उलटून जाते आणि दंड उघडल्यावर होतो), उंदरांनी वायर खाल्ली असेल तर इलेक्ट्रिशियन आल्याशिवाय मेन चालू करू नका. नंतर उधारीची वही घेऊन बसा आणि प्रत्येकाला फोन करा, पैशासाठी नाही, आधी घरी सगळे बरे आहेत ना एवढंच विचारा. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्या नावापुढे खूण करून ते खातं सहा महिने बाजूला ठेवा. बाकीच्यांना हप्ते बांधून द्या, शंभर शंभर का असेना, आणि तारीख त्यांच्याकडूनच घ्या.